शंभर गुण आणि तेविसावा नारळ

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याने माझं आजवर भलंच केलं आहे. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर टाकली तर मी जुडी उलटी करून बघते. स्टेजवर कुणी माझी फार तारीफ केली तर आधी पर्स चाचपते. असं असूनही एकदा मी मुकाट विश्वास ठेवला. तोही माणसावर नाही, एका हिरव्या वर्तुळावर.

नांदेडात माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. दिवसा मी वेबसाइट बनवते. कॉलेजं, पतसंस्था, दोन मंगल कार्यालयं आणि एक दातांचे डॉक्टर ही माझी गिऱ्हाइकं. संध्याकाळी मी सूत्रसंचालन करते. उद्घाटनं, निरोप समारंभ, स्नेहसंमेलनं, कुणाची एकसष्टी. दिवसाच्या कामावर घर चालतं आणि संध्याकाळच्या कामावर मी चालते. माइक हातात आला की माझ्या अंगात काहीतरी शिरतं. सत्कार आधी कुणाचा, कुणाच्या हस्ते, कुणाला शाल आणि कुणाची बोळवण नुसत्या पुष्पगुच्छावर करायची, हे सगळं मला तोंडपाठ आहे. मानपानाचा क्रम न चुकता चाळीस सत्कार एका दमात काढणारी दुसरी बाई जिल्ह्यात असेल तर मला दाखवा. मी तिचाही सत्कार करीन.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक शिक्षण संस्था. तीन तालुक्यांत तिची कॉलेजं आहेत. एक दिवस संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून एक पत्र पुढे सरकवलं. वेबसाइट अंध आणि इतर दिव्यांग व्यक्तींना वापरता आली पाहिजे, तसा तपासणी अहवाल जोडावा, असं वरून आलं होतं.

"मॅडम, अहवाल पायजे," सचिव म्हणाले. "अन् हिरवा पायजे."

अहवाल देणारं यंत्र इंटरनेटवर फुकट मिळतं. चौकटीत वेबसाइटचा पत्ता टाकायचा, थोडा वेळ एक चाक फिरतं आणि शंभरपैकी गुण येतात. आमच्या वेबसाइटला पहिल्या खेपेला अठ्ठावन्न मिळाले, लाल वर्तुळात. खाली तक्रारींची यादी होती. फोटोंना वर्णन नाही. मथळे नाहीत. अर्जातल्या रकान्यांना नावं नाहीत. मुख्य मजकुराकडे थेट जाण्याची सोय नाही. मी यादी दोनदा वाचली आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमच्या शाळेत एक परीक्षक होते, ते पुरवण्या मोजून मार्क द्यायचे. हे यंत्र त्यांच्याच घराण्यातलं होतं. ते फक्त 'आहे की नाही' एवढंच विचारत होतं. काय आहे, हे विचारतच नव्हतं. त्या वेळी मला याचा फार आनंद झाला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वेबसाइटवरच्या प्रत्येक फोटोमागे एक ओळ लपवून लिहिता येते. डोळस माणसाला ती दिसत नाही. अंध माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर असतं, ते पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचतं आणि फोटो आला की ही लपलेली ओळ वाचतं. संस्थेच्या पहिल्या पानावर चाळीस फोटो होते आणि चाळीसही सत्कारांचे होते. मी सचिवांना म्हटलं, मागे दोन-दोन शब्द लिहून टाकते.

"दोन शब्द कसे?" ते खुर्चीत सरळ झाले. "नावं पायजेत. पदं पायजेत. अन् क्रम बराबर पायजे. उपाध्यक्षांच्या आधी खजिनदार आले तर मला फोन येतील."

"साहेब, ते कुणालाच दिसत नाही."

"दिसत नसलं म्हणून काय झालं? असलं पायजे."

मग मी बसले, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा आली. माइक नव्हता, पण लेखणी होती. एकेका फोटोमागे मी अख्खा समारंभ उभा केला. 'शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह व पुष्पहार देऊन संस्थेचे आदरणीय, ज्ञानतपस्वी अध्यक्ष महोदय यांचा हृद्य सत्कार करताना डावीकडून मान्यवर अनुक्रमे...' आणि पुढे अनुक्रमे सगळे. यंत्राला मथळे हवे होते, म्हणून मान्यवरांची नावंच मथळे केली. रकान्यांना नावं हवी होती, तर प्रत्येक रकान्याला मी 'येथे माहिती भरावी' हेच नाव देऊन टाकलं, सव्वीसच्या सव्वीस वेळा. मुख्य मजकुराकडे जाण्याची सोय हवी होती, तीही केली. ती जोडायची कुठे, असा प्रश्न मला पडलाच नाही. सत्कारांच्या फोटोंनाच जोडली. आमच्याकडे मुख्य मजकूर दुसरा काय असतो?

पुन्हा चाक फिरलं. हिरवं वर्तुळ, शंभरपैकी शंभर. सचिवांनी त्याची रंगीत प्रत लॅमिनेट करून खुर्चीमागच्या भिंतीवर लावली.

महिन्या-दोन महिन्यांनी एका गुरुवारी दुपारी मला फोन आला. लातूरहून. नांदेडच्या माणसाला लातूरचा फोन आला की तो आधी खुर्चीत नीट बसतो. कमिशनर ऑफिस कुणाचं, गाडी कुठून सुटावी, पोरं कुठली हुशार, यावर दोन गावांत जुनं शीतयुद्ध आहे. त्यात लातूरचा एक वेबसाइटवाला माझ्या संस्थेवर नजर ठेवून होता, हे मला पक्कं माहीत होतं. माझ्याकडे पुरावा नव्हता. संशयाला पुरावा लागत नाही.

फोनवर बाईचा आवाज होता, शांत आणि जरा खालच्या पट्टीतला. "संस्थेची वेबसाइट तुम्ही बनवली ना? खाली तुमचा नंबर आहे. मी चार दिवसांपासून अर्ज भरून राहिले. भरला जात नाही. उद्या पाचला मुदत संपती."

"काय अडचण आहे?"

"मला दिसत नाही. जन्मापासून. स्क्रीन रीडरवर काम करते मी. तुमची वेबसाइट बोलते लई, पण मला अर्जापर्यंत जाऊ देत नाही."

माझे कान टवकारले. चार दिवस थांबून नेमका आदल्या दिवशी फोन? आणि अंध असून वेबसाइटच्या तळाचा नंबर बरोबर सापडला? मी म्हटलं, "मॅडम, आमच्या वेबसाइटला शंभरपैकी शंभर गुण आहेत."

"कुणी दिले?"

"तपासणीच्या यंत्राने."

"त्याला अर्ज भरायचा होता का?"

मी पाणी प्यायले. मग सापळा लावला. "बरं, मला सांगा, अर्जाखालचं बटण कुठल्या रंगाचं आहे?"

"ते तुम्ही सांगा. तुम्हाला दिसतं ना." मग म्हणाली, "तुम्ही माझी परीक्षा घेऊन राहिलात का, ताई? घ्या. पण उद्या पाचच्या आत घ्या."

मी तिचा पत्ता विचारून घेतला, कारण दिलं की पत्र पाठवायचं आहे. औसा रोडमागची एक गल्ली सांगितली तिने. उद्या दुपारी चारला फोन करते, असं मी कबूल केलं. फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या लातूर बसमध्ये जाऊन बसले. छापा टाकायचा तर न सांगता टाकायचा. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि सगळ्या रस्त्याने मी मनात प्रसंग रचत होते. मी दार ठोठावते. आत तो वेबसाइटवाला चहा पीत बसलेला. शेजारी ती बाई, डोळे ठणठणीत, हातात माझ्या वेबसाइटचे स्क्रीनशॉट. मी दारातच उभी राहून म्हणते, "वा." नुसतं "वा." यापेक्षा जास्त बोललं की प्रवेश पडतो.

चाकूरच्या पुढे माझं वाक्य पाठ झालं होतं.

दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. अंगात पांढरा सदरा, हातात निवडायला घेतलेली मेथी. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कोण पायजे?"

आतून आवाज आला, "बाबा, येऊ द्या त्यांना. नांदेडच्या मॅडम असतील. चारला फोन करणार होत्या, त्यापेक्षा हे बरं."

"मी बोललेसुद्धा नाही अजून," मी म्हटलं.

"इथं न सांगता कोण येतं? आणि गल्लीत विचारलं ना तुम्ही घर. तुमचा आवाज गल्लीत मावत नाही."

ती टेबलाशी बसली होती. पस्तिशीच्या पुढची, नीट चापून बसवलेली साडी, समोर जुना लॅपटॉप. भिंतीवर विहारातल्या कार्यक्रमात मिळालेलं एक सन्मानपत्र होतं. ते वाचताना माझं लक्ष सत्कार कुणाच्या हस्ते झाला इकडे आधी गेलं, ही माझी सवय. ती लातुरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होती, तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, तोही वर्षातले काही महिने. आमच्या संस्थेने इतिहासाची एक कायम जागा काढली होती आणि ती अंध उमेदवारांसाठी राखीव होती. तिच्या विषयात अशी जागा निघालेली तिने यापूर्वी एकदाच ऐकली होती. त्या वेळची हकिगत मेथी निवडता निवडता वडिलांनी सांगितली.

"मागल्या वक्ताला अर्ज हिच्या मावसभावानं भरला. लई मायेचं पोरगं. अर्जात विचारलं होतं, दिव्यांग हाय का? त्यानं 'नाही' करून टाकलं. का रे बाबा? तर म्हणला, काका, नाहक कशाला सांगायचं, ताईचा अर्ज आधीच बाजूला टाकतील."

"राखीव जागेचा अर्ज होता तो," ती म्हणाली. "बाद झाला. म्हणून ह्यावेळी मी भरणार. माझ्या हातानं."

मी म्हटलं, "अहो, मी बसते, पाच मिनिटांत भरून देते."

म्हाताऱ्यांनी मेथीतून मान वर केली. "त्यो बी हेच म्हणला होता."

त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. मला ते एकदम आवडले.

मग तिने लॅपटॉप उघडून वेबसाइट लावली आणि स्क्रीन रीडर बोलायला लागला. आवाज बाईचा, यंत्राचा, भरधाव. मला आधी काही कळेना. तिने माझ्यासाठी वेग कमी केला. 'शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह व पुष्पहार देऊन संस्थेचे आदरणीय, ज्ञानतपस्वी...'

आणि मी हरखले. काय सांगू, माझी वाक्यं होती ती. लातूरच्या एका घरात, शुक्रवारी सकाळी, माझं सूत्रसंचालन चालू होतं. 'हृद्य सत्कार' या शब्दांवर मी मानही डोलावली. पहिला फोटो, दुसरा, तिसरा. नवव्या फोटोला मला खुर्ची टोचायला लागली. पंधराव्याला मी म्हटलं, "हे पुढे ढकलता येत नाही का?"

"येतं ना. आम्ही मथळ्यावरनं मथळ्यावर उडी मारतो. बघा." तिने एक कळ दाबली. 'अध्यक्ष महोदय.' पुन्हा दाबली. 'उपाध्यक्ष महोदय.' पुन्हा दाबली. 'खजिनदार महोदय.' क्रम बिनचूक होता.

"मुख्य मजकुराकडे जायची सोय आहे की," मी म्हटलं, पण आवाज माझा मलाच बारीक वाटला.

तिने तीही कळ दाबली. 'शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह...'

"हे तुम्ही लिहिलं का?" तिने विचारलं. "भाषा चांगली हाय तुमची. पण ताई, मी बहुतेक वेळा कुठवर पोचते माहीत आहे? तेविसावा नारळ. तेवढ्यात ते फोटो आपोआप सरकतात आणि परत पहिल्यापासून सुरू होतं."

वडील मध्येच म्हणाले, "चार दिवस झालं, घरात नुसते नारळ पडून राहिलेत."

चाळीस सत्कार ओलांडून ती दोन-तीनदा अर्जापर्यंत गेली होती. तिथे तिला 'येथे माहिती भरावी' असं सव्वीस वेळा ऐकू आलं. कुठली माहिती, ते डोळ्यांना दिसत होतं, कानाला नव्हतं. तिने विद्यापीठाच्या जुन्या अर्जांच्या अंदाजाने रकाने ओळखत भरत आणले होते. आणि वीस मिनिटं झाली की पान सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होत होतं. 'वेळ संपली' अशी लाल अक्षरं यायची. ती लाल अक्षरं बोलत नव्हती. ती भरत राहायची आणि एकाएकी कानात पहिला नारळ फुटायचा.

मी आयुष्यात बऱ्याच कार्यक्रमांत तोंडघशी पडले आहे. वीज गेली आहे, पाहुणे आले नाहीत, एकदा दीपप्रज्वलनात एका पदराने पेट घेतला. पण आपलंच निवेदन ऐकत आपण कुणाच्या तरी वाटेत आडवे पडलो आहोत, हे मला त्या खुर्चीत पहिल्यांदा कळलं. यंत्राने मला विचारलं होतं, वर्णन आहे का? आहे. रकान्याला नाव आहे का? आहे. वाट आहे का? आहे. ती वाट कुठे जाते, हे विचारायला त्याला कुठे जायचंच नव्हतं.

साडेअकरा झाले होते. मी माझा लॅपटॉप काढला. पण नावं काढायची तर सचिवांना विचारणं भाग होतं. मी फोन लावला.

"नावं काढायची?" सचिव म्हणाले, आणि पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. "कुणी सांगितलं तुम्हाला? संस्थेची निवडणूक तोंडावर आलीय, मॅडम. नेमकं आत्ताच नावं काढायचं कसं सुचलं?"

"साहेब, एका उमेदवाराला अर्ज भरता येत नाही. अंध आहेत त्या."

"कुणाच्या गटाच्या?"

"इतिहासाच्या."

"शंभर गुण हायत ना? मग हात लावू नका. कमी झाले तर जिम्मेदारी कुणाची?"

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या राखीव जागेला किती अर्ज आलेत, साहेब?"

"एक बी नाही." हे उत्तर जरा लवकरच आलं. "पात्र माणूसच मिळत नाही आपल्याकडं. तसं लिहून द्यावं लागंल वर."

यात काही होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. कदाचित नसेलही. पण ज्या जागेला अंध माणसाचाच अर्ज हवा, तिच्या अर्जापुढे चाळीस नारळ आणि आलेल्या अर्जांची संख्या शून्य, ही बेरीज मला बसमध्ये रचलेल्या सगळ्या कारस्थानांपेक्षा जास्त संशयास्पद वाटली. आणि कट असलाच तर त्यातले नारळ मी फोडले होते. मी सचिवांना म्हटलं, "साहेब, जे दिसतं त्यातलं एक अक्षर हलणार नाही. शब्द देते."

"मग ठीक हाय," ते म्हणाले.

मी शब्द पाळला. दिसणाऱ्या एका अक्षराला हात लावला नाही. लपलेल्या चाळीस ओळी पुसल्या. नुसत्या शोभेच्या फोटोमागे जागा कोरी ठेवली तर स्क्रीन रीडर तो फोटो मुकाट ओलांडतो. मान्यवरांचं मथळेपण काढून घेतलं. नावं तिथेच, तेवढीच ठळक. मुख्य मजकुराची वाट अर्जाशी नेली. सव्वीस रकान्यांना सव्वीस नावं दिली. पान बंद व्हायची वेळ वाढवली आणि बंद होण्याआधी ते बोलेल असं केलं. प्रत्येक दुरुस्ती झाली की ती कळ दाबायची आणि ऐकायची. "हं." किंवा, "न्हाई." किंवा, "हे 'पदव्युत्तर टक्केवारी' दोनदा का म्हणून राहिलं?" असा परीक्षक मला कधी मिळाला नव्हता.

अडीच वाजता मी सवयीने तेच फुकटचं यंत्र उघडून पत्ता टाकला. चाक फिरलं. हिरवं वर्तुळ. शंभर.

"किती?" तिने विचारलं.

"शंभर."

"सकाळी किती होते?"

"शंभर."

"मग तुम्ही तीन तास काय केलं?"

वडील मोठ्याने हसले. मेथी केव्हाच निवडून, शिजून झाली होती, आणि माझ्यावरचा त्यांचा राग बहुतेक भाकरीपुरता तरी उतरला होता. त्यांनी मला ताट वाढलं. तेवढ्यात सचिवांचा फोन आला. त्यांनी मोबाइलवर वेबसाइट उघडून चाळीसच्या चाळीस फोटो तपासले होते.

"सगळं बराबर हाय," ते समाधानाने म्हणाले. "काहीच बदललं नाही. शाब्बास."

मी भाकरीचा तुकडा तोंडात धरून त्यांचे आभार मानले.

सव्वातीनला ती अर्ज भरायला बसली. मला तिने पलीकडच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. हात मांडीवर ठेवायचे, अशी अट होती. बोलायचंही नव्हतं, ही अट वडिलांची. मी तासभर गप्प बसले. माझ्या ओळखीच्या कुणाचा यावर विश्वास बसणार नाही. तिची बोटं चालत होती आणि यंत्राचा आवाज इतका भरधाव की मला फक्त अधूनमधून शब्द लागत होता. जन्मतारीख. प्रवर्ग. 'दिव्यांग आहात का' आला तेव्हा तिने वेग कमी केला. 'होय' ऐकलं. मागे जाऊन पुन्हा एकदा 'होय' ऐकलं. मग विषयांची यादी. अर्थशास्त्र, इंग्रजी, इतिहास. ती इतिहासावर थांबली, पुढे गेली. प्रमाणपत्रं जोडली. सव्वाचारला तिने शेवटची कळ दाबली. यंत्र म्हणालं, 'आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे,' आणि अर्जाचा क्रमांक वाचला.

मी टाळी वाजवायला हात उचलले.

"थांबा," ती म्हणाली. "हे कोण म्हणालं?"

"वेबसाइट म्हणाली."

"तीच ना, शंभर गुणांची?"

मी हात खाली घेतले.

"संस्थेच्या ऑफिसात अर्ज बघणारं कुणी माणूस असंल ना? त्याला फोन लावा. माझ्या अर्जात काय लिहिलंय ते त्याला वाचायला सांगा. मी हाय म्हणून सांगू नका."

ऑफिसातले बाबू माझ्या ओळखीचे. त्यांच्या मुलीच्या लग्नात निवेदन मी केलं होतं. मी फोन स्पीकरवर ठेवला आणि म्हटलं, बाबू, एक अर्ज नीट पोचला का ते तपासायचं आहे, जरा वरपासून वाचता का?

"आत्ता? चार पंचवीस झाले, मॅडम. चहा आलाय."

"चहा पीत वाचा."

बाबू वाचायला लागले. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. दिव्यांग, होय, अंध. ती मान हलवत होती, टेबलावर एकेका रकान्याला एक बोट टेकवत होती. "विषय," बाबूंनी घोट घेतला. "अर्थशास्त्र."

तिचं बोट टेबलावर टेकलंच नाही.

"परत वाचा," मी म्हटलं.

"अर्थशास्त्र. का? बरोबर हाय ना?"

वडील उभे राहिले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी इतिहास ऐकला. तुम्ही बी ऐकला ना, ताई?"

मी ऐकला होता. तिघांनी ऐकला होता. मी यादीची मांडणी उघडली आणि दोन मिनिटांत चोर सापडला. साधी यादी मला दिसायला गावंढळ वाटली होती, म्हणून मी तिच्या जागी एक नक्षीदार यादी बसवली होती. बाणाची कळ दाबली की ती प्रत्येक विषय म्हणून दाखवायची, पण निवड मात्र माउसने टिचकी मारली तरच नोंदवायची. टिचकी नसली तर पहिला विषय आपोआप लागायचा. तोंडाने इतिहास, पोटात अर्थशास्त्र. यंत्राने दोनदा शंभर गुण दिले त्यात ही यादीही होती. आणि मीही दुपारी तिला हात लावला नव्हता, कारण तिथे कुणी तक्रार केली नव्हती.

मुदत संपेपर्यंत अर्जात दुरुस्ती करता येत होती. पंचवीस मिनिटं उरली होती. मी नक्षीची यादी उपटली आणि साधी, गावंढळ, जुनी यादी बसवली. स्टेजवर काही चुकलं तर मी विनोद करते. तिथे विनोद करायला जागा नव्हती.

तिने अर्ज पुन्हा उघडला. विषयापाशी गेली, बाण दाबला, 'इतिहास' ऐकलं, पुढे गेली, मागे आली, पुन्हा ऐकलं. दुरुस्ती सादर केली. यंत्राने पुन्हा तेच यशस्वी वाक्य म्हटलं. कुणी हललं नाही.

मी बाबूंना फोन लावला. चार पन्नास.

"मॅडम, आता मी निघून राहिलो."

"बाबू, शेवटचं. तोच अर्ज. विषय वाचा."

"थांबा, चष्मा." ड्रॉवर उघडल्याचा आवाज. कागद सरकल्याचा आवाज. या जगात चष्मा शोधायला एवढा वेळ कुणालाच लागला नसेल. "हां. विषय... इतिहास."

"पुढचं बी वाचू द्या त्यांना," ती हळू म्हणाली. "सगळं."

बाबूंनी कुरकुरत सगळं वाचलं. पदवी, पदव्युत्तर, टक्केवारी, नेट पात्रता, तासिका तत्त्वावरची वर्षं, एकामागून एक. तिचं बोट टेबलावर एकेक ठिपका देत पुढे सरकत होतं. सव्वीस. शेवटचा रकाना ठिकाणाचा होता. "लातूर," बाबू म्हणाले, आणि मग त्यांना राहवलं नाही. "कुणाचा हाय हो हा अर्ज, मॅडम? तुम्ही लातूरवाल्यांची वकिली कवापासून करून राहिलात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिने फोन स्वतःकडे ओढून घेतला.

"माझा हाय," ती म्हणाली. "मी भरला."